बाळाची गोधडी: शिवायची कशी, अंथरायची कशी

घरात बाळ येणार असे कळले, की सातव्या महिन्यापासून आजी, मावश्या पेटीतल्या जुन्या सुती साड्या बाहेर काढतात. कोणी दुपटी फाडते, कोणी लंगोट शिवते, कोणी पाळण्यासाठी गोधडी शिवायला बसते. यात पैसा वाचतो हे खरेच आहे. पण केवळ पैशाचा हा प्रश्न नाही. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सुती कापड घाम शोषते, त्याचा कच्चा रंग आणि खळ निघून गेलेली असते आणि ते नाजूक कातडीला टोचत नाही. दुकानातल्या चकचकीत सॅटिनच्या गादीपेक्षा आपली गोधडी बाळाला अनेक बाबतीत चांगली.

मात्र मोठ्या माणसाची गोधडी आणि तान्ह्या बाळाची गोधडी यांत फरक आहे. आपल्या तोंडावर पांघरूण आले तर आपण झोपेतही ते बाजूला सारतो. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला ते जमत नाही. म्हणून बाळाचे अंथरूण शिवताना ते किती मऊ झाले, हे मागून पाहावे. त्यावर बाळाचा श्वास मोकळा राहील का, हे आधी पाहावे.

श्वास कसा कोंडतो?

बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड असते आणि मान कमजोर असते. मऊ गादीत किंवा उशीत त्याचे तोंड रुतले, तर सोडलेली हवा तिथेच साचते आणि तीच हवा बाळ पुन्हा आत घेते. त्या हवेत प्राणवायू कमी होत जातो. मोठा माणूस अशा वेळी दचकून जागा होतो. काही तान्ही बाळे जागी होत नाहीत. रात्री धडधाकट झोपलेले बाळ सकाळी गेलेले आढळते, घरचे हादरतात, आणि नजर लागली, कोणी काही केले, अशी कुजबुज सुरू होते. कधी बिचाऱ्या आईलाच दोष दिला जातो. अशा मृत्यूंचा धोका एक ते चार महिन्यांच्या वयात सर्वांत जास्त असतो आणि बहुतेक मृत्यू सहा महिन्यांच्या आत होतात. प्रत्येक मृत्यूचे कारण सापडत नाही. पण धोका कशाने वाढतो हे चांगले ठाऊक आहे: बाळाला पालथे झोपवणे, मऊ अंथरूण, तोंडाजवळ उशी किंवा सैल पांघरूण, फार ऊब, आणि घरातला विडी-सिगारेटचा धूर.

ब्रिटनमध्ये 1991 साली आणि अमेरिकेत 1994 साली "बाळाला पाठीवर झोपवा" अशी मोठी मोहीम झाली. अमेरिकेत पुढच्या दहाएक वर्षांत असे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. यासाठी औषध लागले नाही, यंत्र लागले नाही. फक्त झोपवण्याची रीत बदलली.

"उताणे झोपले आणि दूध उलटले तर ते श्वासात जाईल," अशी भीती आजींना वाटते. भीती मायेपोटी आहे, पण शरीराची रचना पाहा. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका खालच्या बाजूला असते. वर आलेले दूध खालीच परत जाते. बाळ पालथे असले की हे उलटे होते. पाठीवर झोपवू लागल्यावर दूध अडकून मृत्यू वाढले, असे कुठेही दिसले नाही. दूध पाजल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावी आणि मग पाठीवर झोपवावे.

कापड कसे निवडावे?

साडी सुती आहे की नाही हे नुसत्या हाताने नेहमी कळत नाही. काठाजवळचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि घराबाहेर, पाणी जवळ ठेवून, जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरडली जाणारी राख उरते. पॉलिस्टरचा धागा वितळतो, प्लॅस्टिकसारखा वास येतो आणि टोकाला कडक गोळी होते. ज्याची गोळी होते ते कापड बाळासाठी नको. ते घाम शोषत नाही, आणि आपल्या पत्र्याच्या खोल्यांत उन्हाळ्यात बाळ त्यावर उकडून निघते.

जरीचा काठ, टिकल्या, हुक, बटणे कापून टाका. नवे कापड घ्यायचेच असेल तर मांजरपाट किंवा मलमल घ्या. ते रात्रभर पाण्यात भिजवून धुवा. खळ निघून जाते आणि कापड आधीच आटते.

आता एक महत्त्वाची सूचना. पेटीत, ट्रंकेत कपडे ठेवताना आपण डांबरगोळ्या टाकतो. या गोळ्यांतल्या नॅप्थॅलीनची वाफ कापडात मुरते आणि तान्ह्या बाळाच्या श्वासातून, कातडीतून अंगात जाते. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचा घटक कमी असतो. अशा बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या वाफेने फुटतात, बाळ फिकट पडते आणि त्याला तीव्र कावीळ होते. आपल्या बाळात ही कमतरता आहे की नाही हे बघून कळत नाही. म्हणून डांबरगोळीचा वास असलेले कापड साबणाने दोन-तीनदा धुऊन, कडक उन्हात वाळवून, वास पूर्ण जाईपर्यंत वापरू नका. बाळाचे कपडे ठेवताना गोळ्यांऐवजी पुरचुंडीत बांधलेला वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवा.

गोधडी शिवण्याची रीत

पाळण्याच्या तळाशी वर्तमानपत्र पसरा, कडेने दुमडा आणि नेमक्या आकाराचा कागद कापा. हे आपले माप. गोधडी पाळण्यात बसल्यावर ती एका बाजूला सरकवली, तर दुसऱ्या बाजूला दोन बोटांपेक्षा जास्त फट राहता कामा नये. मोठ्या फटीत बाळाचे तोंड किंवा हात अडकतो.

1. कापडाचे सहा थर घ्या: खाली एक, वर एक, मध्ये चार. कापड फार पातळ असेल तर मध्ये सहा. सगळे थर कागदी मापापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठे कापा, कारण धावदोरा घातल्यावर गोधडी आत ओढली जाते.

2. स्वच्छ जमिनीवर थर एकावर एक पसरा. प्रत्येक थराची सुरकुती हाताने काढा. मध्यापासून कडेकडे कच्चे टाके घाला. कडेपासून सुरुवात केली तर मध्ये फुगा येतो.

3. मग एक-एक बोटाच्या अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी घाला. धागा सुती आणि दुहेरी. नायलॉनचा धागा नको, तो कातडीला कापतो. टाका लहान ठेवा. लांब, सैल टाक्यात बाळाच्या पायाचे बोट अडकते, धागा बोटाला आवळतो आणि रक्त थांबते. बाळ का रडते हे कळत नाही आणि बोट सुजून काळेनिळे पडते. म्हणूनच हातमोजे, पायमोजे उलटे करून आतले लोंबते धागे कापून टाकावेत. बाळ उगाच फार रडत असेल तर हातापायांची बोटे एकदा पाहावीत.

4. शिवून झाल्यावर कच्चे टाके उसवा आणि गोधडी एकदा धुऊन वाळवा. ती आणखी थोडी आटेल. आता कागदी माप ठेवून कडा कापा आणि सुती पट्टीचा गोट लावा.

5. शिवायला बसताना सुया आणि टाचण्या मोजून घ्या, उठताना पुन्हा मोजा. शेवटी एक लोहचुंबक गोधडीच्या दोन्ही बाजूंनी फिरवा. बिघडलेल्या जुन्या स्पीकरमधला चुंबकही चालतो. तुटलेले सुईचे टोक हाताला लागत नाही, पण चुंबकाला लागते.

तयार गोधडी फळीवर किंवा जमिनीवर ठेवून तळहाताने दाबून पाहा. हात उचलल्यावर खड्डा राहू नये. आत पिंजलेला कापूस भरलेली जाड गादी बाळासाठी नको. ती खोलगट होते, गोळे धरते, धुता येत नाही आणि पावसाळ्यात आतून ओलीच राहते. अशा दोन गोधड्या असाव्यात. एक वाळत असताना दुसरी वापरता येते.

खोळ आणि मेणकापड

गोधडीवर खोळ घट्ट बसली पाहिजे. सैल खोळ गोळा होऊन बाळाच्या तोंडाशी येते. उशीच्या अभ्र्यासारखी, एका बाजूने उघडी खोळ शिवा आणि उघड्या बाजूला वीतभर पदर आत दुमडता येईल इतके कापड जास्त ठेवा. नाडी, बटण, चेन लावू नका. चार-पाच खोळी असल्या की पावसाळ्यातही भागते.

बाळ ओले करते म्हणून खाली मेणकापड किंवा रबरी शीट घालतो. ते खोळीच्या आत, गोधडीवर सपाट बसवा. दुधाच्या किंवा किराण्याच्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या फाडून अंथरणे धोक्याचे आहे. पातळ प्लॅस्टिक बाळाच्या नाकातोंडाला चिकटते.

मोहरीची उशी, लोड आणि विळा

डोके गोल व्हावे म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी करतात. पहिल्या वर्षात बाळाला कोणतीच उशी लागत नाही, मोहरीची नाही आणि कापसाचीही नाही. उशीने हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. शिवण उसवली तर मोहरीचे दाणे नाकातोंडात जातात. डोके एका बाजूला चपटे होऊ नये म्हणून सोपा उपाय आहे. एक दिवस बाळाचे डोके पाळण्याच्या एका टोकाला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाला ठेवा. ते उजेडाकडे किंवा आईकडे मान वळवते आणि दोन्ही बाजू सारख्या होतात. दिवसा बाळ जागे असताना, आपण समोर बसून, त्याला थोडा वेळ पालथे ठेवा. मान आणि खांदे बळकट होतात.

नामकरणाला पाहुणे झालरी लावलेले पलंगपोस, छोटी उशी आणि दोन लोड असा संच आणतात. तो मानाने घ्यावा. फोटोपुरता मांडावा. पण झोपवताना उशी, लोड, मऊ खेळणी सगळे काढून ठेवावे. पाळण्याच्या गजांना आतून बांधायच्या मऊ पट्ट्यांनी बाळे गुदमरल्याचे आढळले, म्हणून अमेरिकेने 2022 साली कायदा करून त्यांची विक्रीच बंद केली. गजांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर मऊ पट्टी बांधू नका. सुताराकडून मध्ये आणखी पट्ट्या ठोकून घ्या, नाहीतर बाळाला जमिनीवरच झोपवा.

काही घरांत अजून उशाशी विळा किंवा सुरी ठेवतात, गळ्यात काळा दोरा आणि ताईत बांधतात. धारेचे लोखंड बाळाच्या अंथरुणात कशासाठी? ते बाळाचे रक्षण करत नाही, रात्री उठणाऱ्या आईचा हात मात्र कापते. गळ्यातला दोरा कशात तरी अडकला तर फास बसतो. तथागतांनी सांगितले ते हेच, की परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, हिताचे आहे का ते तपासा. बाळाच्या अंथरुणालाही ही कसोटी लावावी.

पाळणा, झोळी की जमीन?

दहा बाय दहाच्या खोलीत पाळण्याला जागा नसते हे आम्ही जाणतो. साडीची झोळी बांधली की बाळ पटकन शांत होते आणि आईला स्वयंपाक उरकता येतो. झोळी वापरा, पण आपल्या नजरेसमोर, बाळ जागे असताना. झोळीत बाळ वाकडे होते, हनुवटी छातीला टेकते आणि दोन्ही बाजूंचे कापड तोंडावर येते. मोठ्या भावंडांनी पीळ देऊन झोळी फिरवू नये, हे त्यांना समजावून सांगा. बाळ झोपले की त्याला सपाट गोधडीवर घ्या.

जमिनीवर झोपवणे वाईट नाही, तिथून पडायची भीती नसते. आईच्या अंथरुणाशेजारी, हात पोचेल इतक्या अंतरावर, बाळाची वेगळी गोधडी अंथरा. ओल येत असेल तर खाली चटई आणि तिच्याखाली ताडपत्री घाला. निदान पहिले सहा महिने बाळाने आईच्या खोलीतच झोपावे. एकाच अंथरुणात दारू प्यालेला माणूस, झोपेची गोळी घेतलेली व्यक्ती किंवा लहान भावंड बाळाला खेटून असू नये. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे किंवा दिवसांआधी जन्मलेले बाळ असेल तर हा नियम अधिकच कडक पाळावा.

मच्छरदाणी जरूर लावा. डास तर अडतातच, उंदीरही दूर राहतात. तिच्या कडा अंथरुणाखाली घट्ट खोचा. बाळाच्या हाताशी लोंबती जाळी किंवा दोरी नको. मच्छरदाणीजवळ मेणबत्ती, अगरबत्ती, कॉइल पेटवू नका. आगीची भीती आहे आणि धुराने बाळाची छाती भरते. विडी-सिगारेट खोलीबाहेर.

थंडी, उकाडा आणि दुपटे

बाळाला सैल पांघरूण घालण्यापेक्षा अंगात कपडे घालावेत. आपल्या अंगावर जितके थर आहेत त्याहून एक थर जास्त, हा सोपा हिशेब. बाळ थंड पडले का, हे आशाताई जशी पाहते तसे पाहा. हाताच्या मागच्या बाजूने पोट आणि तळपाय चाचपा. दोन्ही गरम असतील तर बाळ ठीक आहे. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील तर ते धोक्यात आहे. अशा वेळी आईने बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरावे, वरून दोघांना पांघरावे आणि लगेच दवाखाना गाठावा. छातीशी धरण्याची ही रीत 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या तेव्हा सुरू झाली. आज कमी वजनाच्या बाळांसाठी सरकारी रुग्णालयांतही तीच शिकवतात. मान घामेजली, चेहरा लाल झाला, तर बाळाला उकडते आहे. एक थर काढा. घरात झोपवताना कुंची, टोपरे काढून ठेवा. डोक्यावाटे उष्णता बाहेर जाऊ द्यावी.

दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ओढून आवळू नका. बाळाचे गुडघे वाकलेले, मांड्या बाहेर पडलेल्या राहिल्या पाहिजेत. पाय सरळ बांधून ठेवल्याने खुब्याचा सांधा निखळतो. जपानमध्ये 1975 पासून ही सवय सोडण्याची मोहीम घेतली आणि तिथे असे खुबे निखळणे खूप कमी झाले. दुपटे खांद्यापर्यंतच घ्या. छातीवर आपले दोन बोट शिरतील इतके सैल ठेवा. बाळ कुशीवर वळू लागले की गुंडाळणे बंद करा.

धुण्याची काळजी

ओले झालेले लंगोट आणि दुपटी वेगळ्या बादलीत टाका. साबणाने धुऊन तीन पाण्यांतून काढा, कारण राहिलेल्या साबणाने पुरळ येते. दोन्ही बाजूंनी उन्हात वाळवा. पावसाळ्यात दमट राहिलेल्या कापडावर इस्त्री फिरवा. वास येणारे, अर्धवट वाळलेले दुपटे बाळाखाली घालू नका. गोधडी आठवड्यातून एकदा तरी धुवा आणि वाळताना टाके पाहा. कुठे उसवले असेल तर त्याच दिवशी शिवा.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

बाळ दूध ओढत नाही, फार सुस्त आहे. शांत झोपेत एका मिनिटात साठ किंवा त्याहून जास्त श्वास मोजले जातात. श्वास घेताना छाती आत ओढली जाते. अंग गार पडले आहे किंवा तापले आहे. तळहात, तळपाय पिवळे दिसतात. झटके येतात. यांतली एकही खूण दिसली तर अंगारा-धुपारा करत, सकाळची वाट पाहत बसू नका. 108 वर फोन करा. आजारी तान्ह्या बाळाला सरकारी रुग्णालयात नेण्या-आणण्यासाठी 102 ची गाडी विनामूल्य मिळते. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिला बाळाचे अंथरूण दाखवा आणि मनात असेल ते विचारा.

आणि ही गोधडी वाया जात नाही. बाळ वर्षाचे झाले, पांघरूण स्वतः सारू लागले, की तीच गोधडी त्याच्या अंगावर घाला. आजीच्या साडीची ऊब त्याला तेव्हाही मिळेल. पहिले वर्ष ती अंगाखालीच राहू द्या.